खालच्या बाजूचा माणूस

“तू ओढलंस!”

“ओढलं नाही दाजी, सांभाळलं.”

“सांभाळायला मी काय काचेचं भांडं आहे? वरचा माणूस ओढत नसतो. वरचा माणूस सोडत जातो. किती वेळा सांगायचं तुला?”

“आणि सोडलं असतं नि तुम्ही कपाटासकट घरंगळला असता, मग? ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?”

“माझ्या घरंगळण्याची काळजी नंतर कर. आधी ती भिंत बघ.”

भिंतीवर, जिन्याच्या वळणापाशी, हातभर ओरखडा उठला होता. नवा कोरा रंग खरवडून आतला पांढरा थर दिसत होता. आरशाचं जुनं कपाट जिन्यात तिरकं अडकलं होतं. वरच्या टोकाला मेहुणा आणि खालच्या टोकाला जॅक.

मोटारीचं चाक बदलताना गाडीखाली लावतात ना, तो जॅक. घरसामान हलवणाऱ्यांच्या त्या टोळीत त्याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. बायकोसुद्धा रागावली की म्हणायची, “आले आमचे जॅकसाहेब.”

वरच्या कठड्यावरून कपाटाचा मालक वाकून बघत होता. तरुण मुलगा, दंड फुगलेले, हातात कसल्याशा गढूळ पेयाची बाटली.

“काय झालं हो?”

“काही नाही साहेब, जरा तोल गेला,” मेहुणा म्हणाला. आणि मग कुणी विचारलेलं नसताना, “दाजींनी मटण सोडलंय ना. अंडी, दूध, सगळंच.”

“अरे बापरे! मग काका, प्रोटीन कुठून घेता?”

“डाळी, वाटाणे, दाणे,” जॅक म्हणाला. “साहेब, तुम्ही जरा मागे—”

“पण ते अपूर्ण असतं काका! डाळीचं प्रोटीन अंगाला लागत नाही. मग शरीर काय करतं माहितीये? स्वतःचेच स्नायू खायला लागतं.” त्यानं बाटली खळाखळा हलवली. “त्यात तुमचं वय.”

“बघा!” मेहुणा म्हणाला. “मी रोज हेच सांगतो. पण आमचं कोण ऐकतंय?”

हे सगळं चाललेलं असताना ते कपाट कुठे होतं म्हणाल, तर जॅकच्या मांडीवर आणि डाव्या खांद्यावर. जॅकच्या अंगात आता ताकद उरलेली नाही, यावर वरच्या दोघांचं एकमत होईपर्यंत तो ते धरून उभा होता.

“झालं असेल तर,” तो म्हणाला, “पायरी.”

या कामाची एक रीत आहे. जिन्यावरून जड सामान उतरवताना खालचा माणूस बोलतो आणि वरचा ऐकतो. खालचा उलट्या पावलांनी उतरत असतो, त्याला मागचं काही दिसत नाही. टाचेनं पायरी चाचपायची आणि म्हणायचं, “पायरी.” मग वरच्यानं तेवढं सोडायचं. “वळण” म्हटलं की थांबायचं. “टेक” म्हटलं की टेकवायचं. वजन सगळं खालच्यावर असतं, म्हणून हुकूमही त्याचा. गोदामात मुकादम भले सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटो, जिन्यात तोही वरच्या टोकाला असेल तर खालच्याचं निमूट ऐकणार. जॅकच्या आयुष्यात लोकांनी त्याचं ऐकून घेतलं असेल तर ते जिन्यातच. शाळेत नाही, घरात नाही, जावयासमोर तर नाहीच नाही. पण जिन्यात त्यानं “थांब” म्हटलं की वरचा थांबायचा. त्या एका शब्दासाठी तो गुडघे दुखत असतानाही खालची बाजू सोडायचा नाही.

आणि वरच्यानं करू नये अशी एकच गोष्ट असते. खालच्याची दया येऊन वजन आपल्याकडे ओढू नये. ओढलं की सामान उचकटतं, तोल जातो आणि भिंत तरी फुटते नाहीतर माणूस तरी. मेहुणा हे विसरला होता असं नाही. पण दाजी आता नुसत्या डाळीवर आहेत, हे त्याच्या डोक्यात असं बसलं होतं की हात आपोआप मागे खेचत होते.

मटण सुटलं त्याला कारण होतं, पण ते जॅकनं कुणाला सांगितलं नव्हतं. एका खाटकाचं दुकान हलवायचं काम आलं होतं. शीतपेट्या जायच्या होत्या, त्याआधी आतला माल रिकामा करायचा होता. जॅकनं सोललेला अख्खा बकरा खांद्यावर घेतला आणि दोन पावलं चालून तो जागच्या जागी उभा राहिला. वजन ओळखीचं होतं. ज्याचा जन्म वजनं उचलण्यात गेला त्याचं अंग वजनं विसरत नाही. आदल्याच संध्याकाळी नात झोपेला आली म्हणून त्यानं तिला याच खांद्यावर टाकून घरभर फिरवली होती. तेच वजन, मान तशीच सैल लोंबलेली, आणि त्याचा हात सवयीनं तसाच पाठीवर आलेला. त्यानं माल गाडीत ठेवला, काम पूर्ण केलं, घरी आला आणि ताट पुढे सरकवून म्हणाला, “मला नको.” पुढे अंडंही नको झालं, दूधही. एकदा मागे घेतलेला हात त्यानं पुन्हा पुढे केला नाही.

बायकोला यातलं काय सांगणार? ती म्हणाली असती, नातीला दृष्ट लावताय का.

“पोट बिघडलंय का?”

“नाही.”

“मग कुठल्या बाबाच्या नादी लागलात?”

“नाही गं.”

“मग मी केलेलं गोड लागेना का आता?”

“अगं, नको म्हणजे नको. भात आहे, डाळ आहे, वाटाण्याची उसळ केलीस तर ती खाईन. भरपूर कर म्हणजे झालं.”

ती चुलीपाशी तशीच पाठमोरी उभी राहिली. “माझे बाबा असेच गेले,” ती म्हणाली. “पोती वाहायचे. घरात मटण येणं बंद झालं आणि वर्षभरात माणसाच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. मी तेल लावायचे त्यांच्या पाठीला. हाताला नुसती हाडं लागायची. तुम्हाला नाही कळायचं.”

मग तिनं वाटाणे भिजत घातले. इतके की दोन दिवस पुरले.

डॉक्टरकडेही तीच घेऊन गेली. नाक्यावरचा दवाखाना. डॉक्टरीणबाईंपुढे ही गर्दी, त्यांनी मान वर न करताच विचारलं, “पोट भरून जेवता?”

“हो.”

“काय काय?”

जॅकनं सांगितलं. बाईंनी रक्त तपासायला घेतलं. दोन दिवसांनी गेल्यावर म्हणाल्या, “सगळं उत्तम आहे. डाळी, कडधान्यं, सोयाबीन, दाणे, त्याबरोबर भात नाहीतर पाव. असं बदलून बदलून, भरपूर खाता ना? मग प्रोटीनची चिंता सोडा. एकाच ताटात सगळ्या जोड्या जुळल्या पाहिजेत असंही काही नाही, दिवसभरात पोटात गेलं की झालं. फक्त बी-बाराची गोळी घेत चला. ते तेवढं धान्या-भाज्यांतून मिळत नाही.”

दवाखान्याची पायरी उतरता उतरता बायको म्हणाली, “बघितलंत? शेवटी गोळी द्यावीच लागली ना!”

जॅकनं कपाळाला हात लावला. पण त्या आठवड्यापासून घरातली कटकट थांबली. डाळीला तर त्याआधीपासूनच अशी काही चव यायला लागली होती की तो दोनदा वाढून घ्यायचा. “आता तुला डाळ जमायला लागली,” तो एकदा म्हणाला. बायको तोंडाला पदर लावून हसली. लाजली असेल असं त्याला वाटलं.

त्या ओरखड्याची बातमी कपाटाच्या आधी गोदामात पोचली. मुकादमानं त्याला बाजूला घेतलं.

“जॅक, उद्यापासून तू बांधाबांधीला.”

“का?”

“का म्हणजे? भिंत कुणी फोडली?”

“मेहुण्यानं ओढलं, मुकादम.”

“ओढणारच! खालच्याचा भरवसा नसला की माणूस ओढणारच. मी असतो तर मीही ओढलं असतं.” मुकादमानं त्याच्या दंडाला चिमटा काढला, बाजारात मापून बघतात तसा. “बारीक झालास.”

“कमरेचा पट्टा तेवढ्याच भोकात लावतोय मी. बघा.”

“तुला दिसत नाही रे. आम्हाला दिसतं. हा हट्ट सोड, दोन घास माणसासारखे खा, मी उद्या तुला खाली उभा करतो. माझं काय वैर आहे?”

जॅकनं हट्ट सोडला नाही. तो बांधाबांधीला लागला. लोकांच्या स्वयंपाकघरात खाली बसून कपबशा कागदात गुंडाळायच्या, कान असलेले कप वेगळे, बिनकानाचे वेगळे. आरशावर कागदी पट्ट्या चिकटवायच्या. खोक्यावर ‘जपून’ असं लिहायचं. बाहेर जिन्यातून मेहुण्याचा आवाज यायचा नाही. आता खालच्या बाजूला तो असायचा, तरी बोलायचा नाही, दात ओठ खाऊन उतरायचा. मधल्या सुट्टीत उकडलेल्या अंड्यांची डबी उघडायचा आणि पोरं टाळ्या पिटायची. जॅकच्या डब्याकडे बघून एखादा म्हणायचा, “काका, आज कुठलं कुरण?” तोही हसायचा. हसण्यावारी नेलं नाही तर काय करणार?

पण बसून बसून पाठ आखडते आणि मांड्या सैल पडतात. उचलणारं अंग उचलण्यावरच टिकतं. काही महिन्यांत कमरेचा पट्टा खरोखरच एक भोक आत गेला. एकदा पुस्तकांचं खोकं उचलताना त्याला ते मध्येच टेकवावं लागलं, आणि ते नेमकं मुकादमानं पाहिलं.  तो नुसता मान हलवत गेला. त्या मान हलवण्यानं जॅकला जे लागलं ते चार शिव्यांनी लागलं नसतं. आपणच यांचं म्हणणं खरं करून दाखवतोय, असं त्याला वाटलं. यांनी उचलू द्यायचं नाही, आणि मग विचारायचं, उचलत का नाही?

त्यानंतर मेहुण्याची पाठ गेली. शिलाई मशीन उतरवताना कमरेतून वाकला आणि वाकलेलाच राहिला. चौघांनी त्याला जॅकच्या घरी आणून पलंगावर टाकला.

“जिना फार अरुंद होता हो,” मुकादम सगळ्यांना सांगत होता.

“गारवा धरला असेल पाठीत,” बायको भावाला शेक देत म्हणाली.

“मशीनच दळभद्री,” मेहुणा कण्हला.

तो काय खातो, असं कुणी विचारलं नाही. डाळ खाणाऱ्याच्या हातून भिंतीला ओरखडा आला तर दोष डाळीचा, आणि मटण खाणाऱ्याची पाठ गेली तर दोष जिन्याचा. जॅक हे बोलून दाखवणार होता. पण पलंगावर पडलेल्या माणसाला टोचून काय मिळणार, म्हणून त्यानं मेहुण्याची उशी नीट केली. मुकादम स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ तिथेच रेंगाळला. पाणी द्यायला गेलेल्या बायकोचा हळू आवाज येत होता. भावाच्या औषधाचं बोलत असेल, असं जॅकनं धरलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मुकादम त्याच्यासमोर उभा राहिला.

“जॅक, खालची बाजू धरतोस?”

दाताच्या दवाखान्यातली खुर्ची उतरवायची होती. तिचा पाया ओतीव लोखंडाचा, पाठ एकीकडे कललेली. कुठून धरावी हे तिचं तिलाच ठाऊक नसतं असली वस्तू. लिफ्टमध्ये मावत नव्हती. वरच्या टोकाला माणूस नव्हता म्हणून मुकादम स्वतः उभा राहिला.

“ओढू नका,” जॅक म्हणाला.

“नाही ओढत. तू बोल.”

जॅकनं वजन पेलायचा पट्टा खांद्यावर घेतला आणि पहिलं वजन अंगावर आलं. मांड्यांनी कुरकुर केली. कपाळाची शीर उडायला लागली. टाच मागे गेली, पायरी सापडली.

“पायरी.”

मुकादमानं तेवढंच सोडलं.

“पायरी... पायरी... थांब. पाठ डावीकडे घ्या. अजून. हां. वळण.”

पट्टा खांद्यात रुतत होता. पण महिनोन्‌महिन्यांनी त्याच्या शब्दाबरोबर कुणीतरी थांबत होतं आणि त्याच्या शब्दाबरोबर हलत होतं. मुकादम, ज्याच्यापुढे अख्खं गोदाम चळचळा कापायचं, तो वर नुसता “हां, हां” करत होता. खाली पोचल्यावर जॅक म्हणाला, “टेक,” आणि खुर्ची ओल्या फरशीवर आवाज न करता बसली. भिंतीला नखभर चरा नव्हता. पोरांनी शिट्ट्या मारल्या. जॅक पायरीवर बसला. धापा टाकत होता, तरी तो हसत होता. आता बोला म्हणावं. आता विचारा, प्रोटीन कुठून येतं.

मुकादमानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

“वा रे पठ्ठ्या! अखेर हाडांचं पाणी बोललं!”

“काय?”

“अरे, आता माझ्यापासून कशाला लपवतोस? वहिनींनी सांगितलं मला. रोज डाळीत घालतात ना? म्हणून तर तुला उभा केला. नाहीतर काय, नुसत्या वाटाण्याच्या भरवशावर एवढं लोखंड सोडतो काय मी कुणाच्या अंगावर?” मुकादमानं डोळा मारला. “कधीपासून, पहिल्यापासून ना? तरीच रक्तबिक्त चांगलं आलं तुझं!”

पोरं फिदीफिदी हसली. मघाशी आलेल्या शिट्ट्या कशासाठी होत्या, ते जॅकला तेव्हा कळलं.

तो जेवायच्या वेळेला घरी आला तेव्हा पट्टा अजून खांद्यावरच होता. आतल्या खोलीत मेहुणा घोरत होता. चुलीवर डाळ उकळत होती. बायकोनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि झाकण पुन्हा पातेल्यावर ठेवलं.

“सांगितलं वाटतं मुकादमांनी.”

“कधीपासून?”

“बसा तर आधी.”

“कधीपासून, असं विचारलं मी.”

“तुम्ही मटण सोडलंत त्याच आठवड्यापासून. डॉक्टरकडे जायच्या आधीपासून.” ती पदराला हात पुसत राहिली. “हाडं उकळून गाळून घ्यायचे. एक पळी, जास्त नाही. तुम्हाला कळतसुद्धा नव्हतं. दोनदा वाढून घेत होता.”

“म्हणून हसलीस तेव्हा.”

“मग काय करायचं होतं मी? बघत बसायचं होतं? बाबांचं बघत बसले तेवढं पुरे नाही झालं?”

“एका पळीत असतं काय गं? पाणी असतं, खारट पाणी. मी वाटीवाटीनं उसळ खातोय, मूठमूठ दाणे खातोय. अंग त्यावर चालतंय माझं, त्या पळीवर नाही!”

“कशावरून?”

 कशावरून सांगणार? तपासलेलं रक्त तिच्या पळीचं झालं, खुर्ची उतरली ती तिच्या पळीनं. ज्या ज्या गोष्टीकडे बोट दाखवावं तिच्यात तिनं आधीच कालवून ठेवलं होतं.

“तुझ्या बाबांना मटण नव्हतं कमी पडलं,” तो म्हणाला. “जेवण कमी पडलं होतं. घरात मटण बंद झालं तेव्हा डाळही बंद झाली होती, दाणेही बंद झाले होते. पातळ पेजेवर पोती वाहिली त्यांनी. उपाशी होता तो माणूस.”

तिचा हात पदरातच थांबला. हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलतानाच कळलं. पण शब्द सुटला होता. आतलं घोरणंही थांबलं.

“उपाशी नव्हते ते,” ती कशीबशी म्हणाली. “आम्ही काय त्यांना उपाशी ठेवलं होतं?”

“मी तसं—”

“मटण नव्हतं. तेवढंच नव्हतं.” तिनं डोळे पुसले नाहीत. “मी तुम्हाला पुन्हा खालच्या बाजूला उभं केलं. मुकादमांच्या कानावर मी घातलं म्हणून तुम्हाला आज काम मिळालं. तुम्हाला तेच हवं होतं ना? रोज त्या कपबशा गुंडाळून येत होता, तुमचं तोंड बघवत नव्हतं मला. आता खाली धरायला मिळालं तर माझ्यावरच डाफरताय.”

“तूही ओढलंस,” जॅक म्हणाला.

“काय?”

“काही नाही.”

“दाजी,” आतून मेहुणा म्हणाला, “ताईनं तुमच्या भल्यासाठीच केलं हो. आणि उतरली ना खुर्ची? मग झालं की. उद्या परत जा, कुणाला काय सांगायची गरज आहे?”

जॅकनं पट्टा खांद्यावरून उतरवला. नीट गुंडाळला. खुंटीवर अडकवायला हात वर नेला आणि तसाच खाली घेतला. बायकोनं तोवर ताट मांडलं होतं. भात, मोकळा वाफाळता. वाटाण्याची उसळ. मग तिनं पळी पातेल्यात बुडवली आणि वाटीत डाळ ओतली. पिवळी, दाट, वर तेलाचे डोळे तरंगत होते. ते तेलाचे होते की आणखी कशाचे, हे आता नुसतं बघून त्याला कळण्यासारखं नव्हतं.

“आजच्यात काही नाहीये,” ती म्हणाली. “शपथ घेते. नातीची शपथ घेते, हवी तर. आज खरंच नुसती डाळ आहे. बसा ना... बसताय ना?”

जॅकनं वाटीकडे पाहिलं. मग गुंडाळलेला पट्टा ताटाशेजारी ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि दार ओढून न घेताच जिना उतरून गेला.